मानेला लाइट (रेडिएशन) घेतलेल्यांच्या नसा कोण तपासणार?

संपादक महोदय,

यंदा चवथीच्या आदल्या दिवशी आमचे बाबा माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची चौकट, बांधत होते, दरवर्षी तेच बांधतात, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. सुपारीचा घड वर अडकवताना त्यांचा डावा हात एकदम सैल पडला, घड खाली आला आणि बोटं मिटेचनात. आम्ही धरून खाली बसवलं. शेजारच्या काकी म्हणाल्या शुगर उतरली असेल, साखरपाणी दिलं, दहा-बारा मिनिटांत हात चालायला लागला आणि बाबा परत स्टुलावर. आम्हीसुद्धा गप्प बसलो, घरात गणपती यायचे होते. ही आमची मोठी चूक, आणि ती दुसऱ्या कोणाच्या घरात होऊ नये म्हणून हे पत्र लिहिते आहे.

विसर्जनानंतर आठवड्याने त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर पडदा उतरल्यासारखं झालं, पाच मिनिटं, परत सगळं ठीक. तेव्हा मात्र डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो ऐकून मी गारच पडले, "मानेला कधी लाइट घेतले होते का?"

घेतले होते ना. १३ वर्षांपूर्वी बाबांना स्वरयंत्राचा कॅन्सर झाला होता. बाबा भजनी मंडळात गातात, ऑपरेशन केलं तर आवाज जाईल ही भीती, म्हणून रेडिएशन ठरलं. कोकणकन्येने मुंबईला गेलो, दादरला मावशीकडे राहिलो, आठवड्याला ५ दिवस असे ३३ शेक झाले. कॅन्सर गेला, आवाज राहिला, त्यासाठी त्या डॉक्टरांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण १३ वर्षांत इतक्यांदा दाखवायला गेलो, दरवेळी घशात दुर्बीण घालून बघितलं, मानेच्या नसांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. फाइल परत उलटून पाहिली, त्यातही कुठे लिहिलेलं नाही.

आता कळलं ते असं. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन मोठ्या नसा, कॅरोटिड म्हणतात त्यांना, मानेच्या दोन्ही बाजूंनी वर जातात, आणि घशावर पडणारे किरण त्यांच्यावरही पडतात. नसेच्या भिंतीला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या असतात त्या खराब होतात, आतला थर जाड आणि कडक होत जातो, त्यावर कोलेस्टेरॉल लवकर साचतं. हे सगळं व्हायला वर्षं जातात, कधी ५ कधी १५, त्यामुळे कॅन्सर बरा झाल्याच्या आनंदात कोणी दोन्हीचा संबंध लावत नाही. मानेला रेडिएशन घेतलेल्यांना पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा निदान दुप्पट असतो असं अभ्यासांत दिसलं आहे. बाबांची उजवी नस ८० टक्क्यांहून जास्त बंद निघाली आणि डावी ५० टक्के. उजव्या नसेतून गुठळीचे बारीक कण वर जात होते म्हणून हात डावा आणि डोळा उजवा.

मी विचारलं, मान उघडून साफ करता येत नाही का, कारण साधारणपणे तसं ऑपरेशन करतात हे ऐकून होते. डॉक्टर म्हणाले एरवी मी तेच सुचवलं असतं, पण शेक घेतलेल्या मानेत कातडी आणि आतलं मांस चिकटून लाकडासारखं झालेलं असतं, जखम लवकर भरत नाही, आवाजाच्या आणि गिळण्याच्या मज्जातंतूंना इजा व्हायची भीती, त्यात चोंदलेला भागही लांब आणि खालपर्यंत गेलेला. म्हणून स्टेंट, म्हणजे नस उघडी ठेवणारी बारीक नळी. जांघेतल्या नसेतून तार वर नेली, पुढे छत्रीसारखी बारीक जाळी उघडली म्हणजे सुटलेले कण मेंदूत जायच्या आधी अडकतात, मग स्टेंट बसवून फुग्याने फुलवला. बाबा पूर्ण जागे होते. हातात लहान मुलांचा दाबला की वाजणारा बॉल दिला होता, डॉक्टर अधूनमधून दाबायला सांगत, वाजला म्हणजे मेंदू ठीक. फुगा फुगवताना नाडी खूप खाली गेली होती, मानेत तिथेच नाडी आणि प्रेशर सांभाळणारी जागा असते म्हणे, त्यासाठी इंजेक्शन तयारच ठेवलं होतं. धोका नव्हता असं मी म्हणणार नाही, स्टेंट घालतानाच पक्षाघात होऊ शकतो हे आम्हाला सहीच्या आधी नीट सांगितलं होतं आणि ते सांगायलाच हवं.

आता रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या आणि कोलेस्टेरॉलची एक. कोणाच्या सांगण्यावरून, अगदी दात काढायचा असला तरी, डॉक्टरला न विचारता बंद करायच्या नाहीत. शेकाने अरुंद झालेली नस स्टेंटनंतरही परत अरुंद व्हायचं प्रमाण जास्त, म्हणून ठरावीक दिवसांनी डॉपलर, म्हणजे मानेची सोनोग्राफी, करत राहायचं, डाव्या बाजूचंसुद्धा.

माझं मागणं फार मोठं नाही. गोव्यातून उपचाराला मुंबईला, बेळगावला जाणारे कितीतरी आहेत, गोव्यातही घेतात, तोंडाचा घशाचा कॅन्सर आपल्याकडे काय कमी आहे का. मानेला शेक दिलेल्या प्रत्येकाच्या डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी लिहा की काही वर्षांनी कॅरोटिडचा डॉपलर करून घेण्याबद्दल डॉक्टरना विचारा आणि बीपी, शुगर, तंबाखू सांभाळा. डॉपलरला सुई नाही, किरण नाहीत. प्रत्येकाला स्टेंट लागेल असंही नाही, थोडीशी अरुंद असली तर गोळ्यांवर भागतं. आणि हे वाचून कोणी रेडिएशनला नाही म्हणू नका, त्याच्यामुळेच बाबा आज आहेत.

हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर पाच मिनिटांत बरं वाटलं तरी त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. बरं वाटलं नाही तर साखरपाणी करत बसू नका, १०८ ला फोन लावा, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं आणि सत्तरी, काणकोणसारख्या लांबच्या तालुक्यांतून बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पोचायलाच त्यातला केवढा वेळ जातो.

बाबा परवापासून मंडळात जायला लागले आहेत, अजून उभं राहून गात नाहीत.

— एक वाचक, फोंडा