आईने कुणाला विचारायचं? परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

माननीय परराष्ट्रमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातला. ठिबकच्या कामासाठी श्रीलंकेत गेलो आणि २०२२ चं ते वर्ष बायको-मुलासह कुरुनेगलाजवळ काढलं. आता गावी परतलोय. पण आमच्याकडची पोरं डॉक्टरकीला, कामाला बाहेर जातच आहेत, म्हणून लिहितो.

आम्हाला संकटाची चाहूल शेतातच लागली होती. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने रासायनिक खतांची आयात एकदम बंद केली. बंदी नोव्हेंबरात उठली, तरी खत वेळेवर पोचलं नाही. युरियावाचून पिवळा पडलेला भात मी बांधावरून पाहिलाय. मग देशाकडचे डॉलर आटले. साडेबारा किलोचा सिलिंडर तिथल्या २,६७५ रुपयांवरून एप्रिल २०२२ मध्ये ४,८६० वर गेला, आणि तोही मिळेना. रिकाम्या टाक्या एका साखळीत ओवून लोक रात्रभर रस्त्यावर बसत. बायकोने मागच्या पडवीत तीन विटा मांडल्या आणि नारळाच्या वाळक्या झावळ्या जाळून भात शिजवायला लागली. धुराने मुलाचे डोळे सुजायचे. पगार तिथल्या रुपयात, आणि तो रुपया इतका घसरला की गावी सोसायटीच्या कर्जाचा हप्ता थकला.

त्या वर्षी भारताने श्रीलंकेला जवळपास ४ अब्ज डॉलरची मदत केली. आपलं डिझेलचं जहाज लागलं की रांगेतली अनोळखी माणसं माझा हात हातात घ्यायची. त्याबद्दल आपले मनापासून आभार.

माझं म्हणणं गावी राहिलेल्या आईबद्दल आहे. २ एप्रिलला, ऐन पाडव्याच्या संध्याकाळी श्रीलंकेत संचारबंदी लागली आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲप बंद झालं. ते काही तासांत सुरू झालं. ९ मे रोजी मात्र पुढाऱ्यांची घरं जळताना आईने टीव्हीवर पाहिली आणि माझा फोन लागेना. दुसऱ्या दिवशी ती एका सरकारी कचेरीत गेली. "मना आंडोर तथा शे, कोनले इचारू?" (माझा मुलगा तिकडे आहे, कुणाला विचारू?) एवढंच अहिराणीत विचारत ती या टेबलावरून त्या टेबलावर फिरली. शेवटी एकाने दिल्लीचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. माझ्या आईला हिंदी बोलता येत नाही. ती चिठ्ठी तिने देव्हाऱ्यात ठेवली आणि माझा फोन येईपर्यंत दोन दिवस तिच्यासमोर बसून राहिली.

कोलंबोच्या उच्चायुक्तालयात मी नाव नोंदवलेलं होतं. म्हणजे मी कुठे राहतो हे सरकारला ठाऊक होतं, फक्त आईला ते सांगणारं कुणी नव्हतं. परदेशातल्या भारतीयांच्या तक्रारींसाठी आपल्या खात्याचं 'मदद' हे ऑनलाइन पोर्टल २०१५ पासून आहे, पण ते तिच्या आवाक्यातलं नाही. युक्रेनच्या वेळी, त्याच वर्षी फेब्रुवारीत, जिल्हा प्रशासनांनी पालकांकडून मुलांची नावं गोळा केली होती. मग हे कायमचं का होऊ नये?

पुरासाठी जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ क्रमांक आहेच. परदेशात दंगल पेटली, संचारबंदी लागली की त्याच फोनवर मराठी बोलणारा, अहिराणी समजणारा माणूस बसवा. दूतावासाकडची नोंद त्याला पाहता आली पाहिजे आणि त्याने घरी उलट फोन केला पाहिजे. नोंदणीच्या अर्जात घरच्या माणसाचा फोन आणि जिल्हा सक्तीचा करा. राज्य सरकारशी बोलून जळगाव, धुळे, नंदुरबारपासून सुरुवात करा.

याच आठवड्यात गावातली तीन घरं मला विचारून गेली, पोराला बाहेर पाठवू का म्हणून. त्यांच्या आयांना देण्यासाठी मला तो एक क्रमांक हवा आहे.

आपला,
चोपडा तालुक्यातील एक ठिबक कामगार