भट्टी बदलली, रीतही बदलायला हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकवरचा (भाजलेल्या दगडी कोळशावर चालणारा) कुपोला, म्हणजे लोखंड वितळवण्याची उभी भट्टी, काढून विजेची इंडक्शन भट्टी बसवावी की नाही, यावर चर्चा होते ती धूर आणि वीजबिल या दोनच अंगांनी. बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, काय होते, हे कोणी विचारत नाही. कुपोल्याच्या सवयी नव्या भट्टीवर तशाच चालवल्या, की कास्टिंगच्या (ओतून केलेल्या वस्तूच्या) कडा काचेसारख्या कडक निघतात, मशीनवर टूल टिकत नाही आणि खापर फुटते साच्याच्या वाळूवर.

कुपोल्यात तळाशी, हवेच्या तोट्यांच्या वर साधारण मीटरभर पेटत्या कोकचा थर असतो. त्यावर लोखंड, कोक आणि चुनखडी आळीपाळीने पडत राहते. एका किलो कोकमागे लोखंड आठ ते दहा किलो, चुनखडी लोखंडाच्या तीनेक टक्के. वितळलेले थेंब धगधगत्या कोकमधून ओघळत खाली येतात आणि वाटेत कार्बन उचलतात. सोबत गंधकही येते. चुनखडीमुळे राख आणि माती पातळ मळी होऊन तरंगते. रस फार वेळ आत राहत नाही. थोडक्यात, बरेचसे काम कोकच परस्पर उरकतो. गंधक तेवढे मँगनीजने बांधून ठेवावे लागते. त्याचा हिशेब गंधकाच्या १.७ पट अधिक ०.३ टक्के, गंधक ०.०८ टक्के असेल तर मँगनीज ०.४४ च्या आसपास हवे.

इंडक्शन भट्टीत हा कोक नाही. जे घालाल तेच हाती येणार. पोलादी स्क्रॅप स्वस्त पडते म्हणून भरपूर घातले, तर त्यातला नगण्य कार्बन ३.३ टक्क्यांपर्यंत आपल्यालाच चढवावा लागतो. कार्ब्युरायझर (कार्बन वाढवणारी भर) चार्जच्या, म्हणजे भट्टीत घालायच्या मालाच्या, सुरुवातीलाच, स्क्रॅपसोबत खाली गेला पाहिजे. शेवटी मळीवर भुरभुरला तर निम्मा जळून जातो. फेरोसिलिकॉन (सिलिकॉन वाढवणारा मिश्रधातू) त्याच्यानंतर, कारण सिलिकॉन वाढले की लोखंड कार्बन कमी घेते. हा क्रम उलटला की प्रयोगशाळेचे आकडे चुकीचे येतात आणि घाईघाईची दुरुस्ती सुरू होते.

गंधकाचे तर उलटेच आहे. कुपोल्यात ते डोईजड होते, इथे करड्या बिडात (ज्यात कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो) ०.०५ टक्क्यांच्या खाली गेले तर इनॉक्युलंट (ग्राफाइट रुजवायला ओतताना घालायची भर) नीट लागू पडत नाही. तेव्हा आयर्न सल्फाइड मोजून घालावे लागते. जुन्या कारागिरांना हे पटवणे अवघड जाते, पण पटवलेच पाहिजे. (हे फक्त करड्या बिडासाठी, एसजी आयर्नमध्ये, म्हणजे गोल ग्राफाइटच्या बिडात, गंधक चालत नाही.)

सर्वात जास्त नुकसान रस थांबवून ठेवल्याने होते. साचे तयार नाहीत म्हणून भट्टी १५०० अंशांवर धरून ठेवतात. साधारण १४५० च्या वर सिलिका लायनिंग (भट्टीचे आतले अस्तर) आणि रसातला कार्बन यांची प्रक्रिया सुरू होते: कार्बन घटतो, सिलिकॉन वाढते, लायनिंग झिजते. शिवाय ग्राफाइट ज्यांच्यावर रुजते ते सूक्ष्म कण नाहीसे होतात. रासायनिक तपासणीत आकडे ठीक दिसतात, कास्टिंग मात्र पांढरे, म्हणजे कडक आणि ठिसूळ, पडते. थांबायचेच असेल तर पॉवर कमी करून १४०० च्या खाली यावे, आणि ओतण्यापूर्वीच तापमान चढवावे.

म्हणून पाचरीची चाचणी सोडू नये. लेडलमधला (रस ओतण्याच्या भांड्यातला) रस पाचरीच्या साच्यात ओता, गार करा, तोडा. निमुळत्या टोकाची पांढरी पट्टी नेहमीपेक्षा रुंद दिसली, तर इनॉक्युलंट कमी पडला किंवा कार्बन-सिलिकॉन उतरले. इनॉक्युलंट वजनाच्या ०.२ ते ०.३ टक्के, कोरडा, बारीक दाण्यांचा आणि धारेत पडला पाहिजे. रिकाम्या लेडलच्या तळाशी टाकला तर तिथेच चिकटून बसतो. त्याचा परिणाम दहा-बारा मिनिटांत ओसरू लागतो. तोवर शेवटचा साचा भरलेला असावा.

दोन धोके तर जिवाशी गाठ घालणारे आहेत. वरचे स्क्रॅप एकमेकांत अडकून पूल झाला, की खालचा रस नजरेआड तापत राहतो आणि लायनिंग खाऊन कॉइलपर्यंत (भट्टीभोवतीच्या विजेच्या वेटोळ्यापर्यंत) पोचू शकतो. चार्ज खाली सरकत नाही असे दिसताच पॉवर उतरवावी आणि माणसांना मागे घ्यावे. पूल पुरता फुटेपर्यंत वरून आणखी माल टाकू नये. दुसरा धोका पाण्याचा. रसाखाली सापडलेल्या पाण्याची क्षणात हजारपटीहून जास्त वाफ होते आणि रस छतापर्यंत उडतो. पावसात भिजलेले स्क्रॅप, बर्फ, आतून ओलसर पोकळ पाइप किंवा तोंड बंद असलेला सिलिंडर भरल्या भट्टीत जाता कामा नये. पाइप आणि सिलिंडर यार्डातच कापून उघडे करावेत, आणि चार्जचे स्क्रॅप छपराखाली ठेवावे.

आपला,
ओतकामातला एक वाचक