हापूसचं पान आणि तपकिरी डीएनए

रत्नागिरी

प्रिय मंदार,

तुझं पत्र परवा मिळालं. हापूसच्या पानातून डीएनए निघतो, पण नळीच्या तळाशी बसणारं पेलेट तपकिरी आणि चिकट येतं, पीसीआर (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या प्रती वाढवणं) होत नाही, आणि आता नवं किट मागवायचं घाटतंय. थोडं थांब. माझं ठाम मत आहे की अडचण किटची नाही, पानाची आहे.

आंब्याच्या पानात पॉलिफिनॉल्स भरपूर. पान चिरडलं की त्यांना हवा लागते, ती ऑक्सिडाइज होतात आणि डीएनएला धरून बसतात. तो तपकिरी रंग त्यांचाच, आणि नंतर कितीही धुतलं तरी जात नाही. म्हणजे सगळं पहिल्या काही मिनिटांत ठरतं. जून पान नकोच, कोवळी पालवी घे. द्रवरूप नायट्रोजनमध्ये खलून अगदी बारीक पूड कर आणि ती वितळायच्या आत 65 अंशांना तापवलेल्या सीटीएबी बफरमध्ये टाक (सीटीएबी म्हणजे पेशी फोडणारं साबणासारखं रसायन). बफरमध्ये पॉलिफिनॉल्सना धरून ठेवणारं पीव्हीपी असू दे, आणि ऑक्सिडेशन रोखणारं बीटा-मरकॅप्टोइथेनॉल अगदी आयत्या वेळी घाल. ते फ्यूम हूडमध्येच, वासावरूनच कळेल का ते! पान 100 मिलिग्रॅमच्या वर नको. जास्त पान घेतलंस तर घाणच जास्त येते.

चिकटपणा मात्र पॉलिसॅकराइड्सचा, म्हणजे लांब साखळीच्या साखरांचा. नेहमीच्या कृतीत मीठ 1.4 मोलर असतं. ते 2 किंवा 2.5 करून बघ. मीठ वाढलं की डीएनए खाली बसताना बरीचशी साखर द्रावणातच राहते. आणि क्लोरोफॉर्म घालण्याआधी नळ्या बर्फात ठेवू नकोस, गारठ्यात सीटीएबी स्वतःच साका होऊन बसतं. क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल (24:1) दोनदा दे. वरचा थर काढताना मधल्या पांढऱ्या थराला पिपेट लागू देऊ नकोस; थोडा द्रव मागे राहिला तरी चालेल.

शुद्धता बघायला 260 आणि 280 नॅनोमीटरला डीएनए किती प्रकाश शोषतो त्याचं गुणोत्तर, ते 260/280 तेवढंच तू पत्रात लिहिलंस. 1.8 आलं म्हणजे प्रथिनं गेली, एवढंच. तुझ्या कामाचा आकडा 260/230, बाकीची घाण त्यात दिसते. तो 2 च्या आसपास हवा. आज हाताशी आहे तोच डीएनए दहापट पातळ करून पीसीआर लाव. जेलवर पट्टा उमटला तर डीएनए ठीक आहे, सोबतची घाण एन्झाइमला अडवतेय. हे सगळ्यात आधी कर, यात खर्च काहीच नाही.

मग एकाच कलमाची, एकाच दिवशी खुडलेली पानं घे आणि एका वेळी एकच गोष्ट बदल: आधी मीठ, मग मरकॅप्टोइथेनॉल, शेवटी 65 अंशांवरचा वेळ. तिन्ही एकदम बदललंस आणि जमलं, तर कशामुळे जमलं ते कळणार नाही.

हे मी इतकं लावून धरतोय, कारण 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी रोपवाटिकेतलं कलम खरंच हापूसचं आहे का, हे बागायतदाराला झाड फळायला लागेपर्यंत कळत नाही. तुझे मार्कर, म्हणजे जात ओळखायच्या डीएनएतल्या खुणा, चालले तर ते रोपातच सांगता येईल. आपल्याकडच्या माणसांना त्याचा फार उपयोग आहे रे.

पातळ केलेल्या नमुन्याच्या जेलचा फोटो पाठव, पट्टा दिसो वा न दिसो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
सुहास