राख की रस्त्याची धूळ? कोराडी-खापरखेडा पट्ट्यातील रहिवाशांना मदतीचे आवाहन

औष्णिक केंद्रांची राख पाण्यात कालवून पाइपने बंधाऱ्यात सोडतात. वर पाणी आहे तोवर ती बसून राहते. मार्चनंतर वरचा थर सुकला की पहिल्याच वावटळीत पिठासारखी गावांवर येते. मग दर उन्हाळ्यात तोच वाद: ही धूळ बंधाऱ्याची की रस्त्याची?

हा वाद सूक्ष्मदर्शकाखाली मिटू शकतो. चारशेपट मोठे करून पाहिले की भट्टीतून उडालेली राख गोल, काचेच्या मण्यांसारखी दिसते, तर मातीचे कण कोनेरी, वेडेवाकडे. म्हणून यंदा धूळ गोळा करण्याची दहा भांडी गच्चीवर ठेवायची आहेत. भांडे प्लॅस्टिकचे, सरळ कडांचे, किमान फूटभर खोल. त्यात दोन लिटर डिस्टिल्ड पाणी आणि शेवाळ धरू नये म्हणून मोरचूद, सगळीकडे सारखेच मोजून. भांडे महिनाभर हलवायचे नाही. मे महिन्यात पाणी आटते आणि जमलेली धूळ पुन्हा उडून जाते, तेव्हा आठवड्याला एकदा पाणी घालावे लागते. काठावर कावळे बसतात आणि त्यांची विष्ठा आत पडली की नमुना वाया, म्हणून वर तारेचे कडे हवेच. मोरचूद विषारी आहे. भांडे लेकरांच्या हाती लागू देऊ नका.

विहिरी-बोअरचे चाळीस नमुनेही तपासायचे आहेत. राखेतून बोरॉन आणि सल्फेट आधी झिरपतात, म्हणून त्यांच्यावर नजर. पिण्याच्या पाण्यात बोरॉन लिटरला ०.५ मिलिग्रॅम आणि सल्फेट २०० मिलिग्रॅमपर्यंत असावे, असे भारतीय मानक सांगते. बोरॉनसाठी काचेची बाटली चालत नाही, काचेतलाच बोरॉन पाण्यात उतरतो. आर्सेनिक-सेलेनियमची बाटली वेगळी, तीत नायट्रिक आम्ल. ती आम्हीच भरू. कोल्ड्रिंकच्या बाटलीत पाणी आणून देऊ नका.

नदीची बाजू पक्ष्यांवरून कळते. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखबंधारा फुटला आणि राख कोलार नदीमार्गे कन्हान नदीत गेली. राख तळाशी बसली की गोगलगाई, शिंपले, अळ्या तिच्याखाली दबतात आणि त्यांवर जगणारे मुग्धबलाक, तुतवार हे पक्षी उपाशी राहतात. सेलेनियम माशांतून अंड्यांत उतरतो आणि पिले व्यंग घेऊन निघतात. वाळूच्या बेटांवर नदी सुरय, टिटवी अंडी घालतात; फेब्रुवारी ते मे दर पंधरवड्याला दुर्बिणीतून मोजणी करणारे हवेत. बेटावर पाय ठेवायचा नाही, काठावरूनच मोजायचे.

पावसाळ्यात बंधाऱ्याच्या पायथ्याशी निवळ पाणी पाझरत असेल तर फक्त नोंद करा. गढूळ येऊ लागले की आतली राख वाहून निघते आहे. तासाभरात तहसील कार्यालय आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा, मग आम्हाला.

३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार न वापरलेल्या राखेवर टनाला १,००० रुपये भरपाई आकारता येते. पण नुसत्या काळ्या पडलेल्या गच्च्यांच्या फोटोंनी काही होत नाही, तारीखवार नोंद लागते. आमची मागणी साधी आहे: सुकलेल्या भागावर स्प्रिंकलर, पाइपच्या घासलेल्या जोडांची वेळेवर बदली, राख वाहणाऱ्या हायवा ट्रकवर ताडपत्री.

धूळ अडवायला झाडांची रोपे तूर्त नकोत, ती मोठी होईपर्यंत पाच उन्हाळे जातील. हवे आहे ते असे: एक वापरलेला पण चालू सूक्ष्मदर्शक, दोन दुर्बिणी, दोन आइसबॉक्स, प्रयोगशाळेच्या शुल्कासाठी निधी, आणि उंच गच्ची असलेली दहा घरे. विज्ञान शिक्षकांनी शनिवार दिला तर उत्तमच. निधी ग्रामपंचायत कार्यालयात पावती घेऊनच द्या. तपासणीचे निकाल, चांगले आले तरी, तिथल्याच फलकावर लागतील.