गटाच्या यादीतून खातेदार गळतो कसा?

संपादक महोदय,

भूसंपादनाच्या अधिसूचना, विकास सोसायट्यांच्या याद्या, पाणीवापर संस्थांची पत्रके या सगळ्यांत एक रकाना हमखास असतो: एकच गट नंबर आणि त्याच्यापुढे ओळीने सगळ्या खातेदारांची नावे. माहितीसाठ्यात (डेटाबेसमध्ये) मात्र दर खातेदाराची ओळ वेगळी असते. या ओळी एकत्र करून, दुबार नावे काढून एका रकान्यात आणणे हे एका क्वेरीचे, म्हणजे माहितीसाठ्याला दिलेल्या लेखी आज्ञेचे काम. ती क्वेरी घाईत लिहिली की दुबार नावांबरोबर खरा खातेदारही जातो. २०१३च्या भूसंपादन कायद्यानुसार प्राथमिक अधिसूचना दोन दैनिकांत छापावी लागते, त्यांपैकी एक प्रादेशिक भाषेतले, आणि हरकतीला ६० दिवस मिळतात. पेपरात स्वतःचे नावच दिसले नाही तर तो माणूस हरकत घ्यायला येणार कशाला? म्हणून हे पत्र, मुख्यतः अशा याद्या काढणाऱ्या ऑपरेटर आणि प्रोग्रॅमर मंडळींसाठी.

मायएसक्यूएल या माहितीसाठा-प्रणालीवर सर्रास लिहिले जाते ते असे: ग्रुप_कॉन्कॅट(डिस्टिंक्ट नाव). ग्रुप_कॉन्कॅट नावे एकापुढे एक जोडते, डिस्टिंक्ट दुबार काढतो. डिस्टिंक्ट फक्त अक्षरे ताडून पाहतो, माणूस ओळखत नाही. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव देण्याची रीत. आजोबा विठ्ठल गणेश शिंदे, मुलगा गणेश विठ्ठल शिंदे, नातू पुन्हा विठ्ठल गणेश शिंदे. आजोबांची वारसनोंद रखडलेली आणि नातवाने त्याच गटात भावकीतला एखादा हिस्सा विकत घेतलेला, हे गावोगाव चालते. डिस्टिंक्ट या दोघांचा एक खातेदार करून मोकळा होतो.

दुबार ओळी नावावरून नव्हे, खातेदार क्रमांकावरून काढाव्यात आणि नावे जोडण्याच्या आधी काढाव्यात. आतल्या क्वेरीत सिलेक्ट डिस्टिंक्ट गट_नं, खातेदार_क्र एवढेच घ्यावे. तिला खातेदारांचा तक्ता जोडून नाव आणावे. बाहेर ग्रुप बाय गट_नं करून ग्रुप_कॉन्कॅट(नाव ऑर्डर बाय खातेदार_क्र सेपरेटर '; ') लिहावे; सेपरेटर म्हणजे दोन नावांमधले चिन्ह. बाहेर डिस्टिंक्ट नको. सेपरेटर अर्धविरामाचा ठेवला तर बरे, कारण 'शिंदे, मयत, वारस' अशा नोंदींत स्वल्पविराम आधीच असतो.

एसक्यूएल सर्व्हर या दुसऱ्या प्रणालीत हेच काम करणारे स्ट्रिंग_अ‍ॅग २०१७च्या आवृत्तीपासून आहे, पण त्यात डिस्टिंक्ट चालतच नाही. ओरॅकल या प्रणालीतल्या लिस्टॅगमध्ये ते १९सीपासून चालते. पोस्टग्रेसमध्ये चालते, मात्र डिस्टिंक्ट लावल्यावर क्रम त्याच नावावर लावावा लागतो, खातेदार क्रमांकाने लावता येत नाही. वरची दोन टप्प्यांची पद्धत थोड्या शब्दफरकाने या चारही ठिकाणी चालते.

खातेदार क्रमांकच नसेल तर नावावर जाण्याशिवाय गत्यंतर नाही. तिथे उलटी अडचण येते, एकाच माणसाची दोन नावे होतात. कऱ्हाडे आणि कर्‍हाडे ही दोन आडनावे डोळ्यांना सारखीच दिसतात. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हांनी साठवलेले असेल तर ते एका रूपात आणणारे यूनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण चालवूनही ही दोन एक होत नाहीत. ते र आणि नुक्ता मिळून ऱ करते, जॉइनरला हात लावत नाही. त्यासाठी वेगळा रिप्लेस लिहावा लागतो. एवढे करूनही जुळलेली नावे यंत्राने परस्पर एक करू नयेत. संशयितांची यादी काढून तलाठी कार्यालयाकडून खात्री करून घ्यावी.

नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव वेगवेगळ्या रकान्यांत असेल तर आणखी एक खड्डा आहे. मायएसक्यूएलच्या, हे भाग जोडणाऱ्या कॉन्कॅटमध्ये एक भाग नल (म्हणजे न भरलेला) असला की सगळे नावच नल होते, आणि ग्रुप_कॉन्कॅट नल मुकाट्याने वगळते. वडिलांचे नाव न भरलेला खातेदार असा गायब होतो. कॉन्कॅट_डब्ल्यूएस वापरले की फक्त रिकामा भाग सुटतो.

आता लांबी. मायएसक्यूएलमध्ये ग्रुप_कॉन्कॅटची मूळ मर्यादा १०२४ बाइट आहे आणि देवनागरीचे दर चिन्ह तीन बाइट घेते. 'विठ्ठल गणेश शिंदे' हे नाव ४७ बाइटचे, सेपरेटर धरून ४९. एवढ्या लांबीची वीस नावे ९८० बाइट खातात. एकविसाव्याला ४४ उरतात, म्हणून ते 'शिंद' असे तुटते आणि बाविसाव्यापासून पुढे काहीच येत नाही. येते ती फक्त वॉर्निंग, आणि अहवाल काढताना ती सहसा कोणी पाहत नाही. वीस-पंचवीस सामाईक खातेदार असलेले गट काही दुर्मिळ नाहीत. क्वेरीच्या आधी सेट सेशन ग्रुप_कॉन्कॅट_मॅक्स_लेन = १०००००० द्यावे. ओरॅकल ४००० बाइटनंतर चूक दाखवून थांबते, ते परवडले.

त्याच क्वेरीत क्षेत्राची बेरीजही हवी असते, तेव्हा गोंधळ वाढतो. तीन खातेदार, क्षेत्र ०.४०, ०.४० आणि ०.६० हेक्टर, एकूण १.४०. त्याच गटावर दोन बोजे. दोन्ही तक्ते एकदम जोडले की सहा ओळी होतात आणि बेरीज २.८०. मग कोणीतरी सम(डिस्टिंक्ट क्षेत्र) लिहितो आणि ती १.०० होते, कारण दुसरे ०.४० दुबार म्हणून उडते. नावांच्या रकान्यात डिस्टिंक्ट लावलेला असेल तर तो मात्र दोन्ही वेळा ठाकठीक दिसतो, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. खातेदारांची गटवार बेरीज आणि नावे एका उपक्वेरीत, बोजे दुसऱ्या उपक्वेरीत, आणि शेवटी गट नंबरावर दोन्हींची जोडणी, हाच मार्ग.

तपासणीला एक जास्तीचा रकाना पुरतो: मूळ तक्त्यातून काढलेला काउंट(डिस्टिंक्ट खातेदार_क्र). जाहीर प्रकटनातही नावांच्या आधी ही संख्या छापावी. मग गट ११२पुढे २३ खातेदार असे असूनही नावे वीसच असतील, तर पेपर वाचणाऱ्यालाही ते मोजता येईल.

– माहितीसाठ्यांचे काम करणारे काही वाचक, सांगली