चार वह्यांतला एक माणूस

इंदूर,
८ फेब्रुवारी २०२६

चि. सोनू हिस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा फोन झाला तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. ह्यूस्टनच्या पुलांखाली झोपणाऱ्या माणसांच्या मोजणीला तू थंडीत गेलीस, आणि मग मला विचारलंस, "बाबा, आपल्या इंदूरला किती जण बाहेर झोपतात?" मला आकडा सांगता आला नाही. एवढी वर्षं या शहरात राहतोय, निवृत्तीनंतर दर मंगळवारी आणि शुक्रवारी रैन बसेऱ्यावर, म्हणजे बेघरांच्या रात्रनिवाऱ्यावर, जातोय, तरी सांगता आला नाही. लिहून कळवतो म्हटलं होतं, म्हणून आज बसलो.

मी तिथे कसा जायला लागलो हे तुला कधी नीट सांगितलंच नाही. गेल्या पावसाळ्यात आपला दूधवाला दारात उभा राहिला. त्याचा भाऊ तिथे चौकीदार आहे. म्हणाला, "बाबूजी, एक बाबा आए हैं, मराठी बोलते हैं, किसी को समझ नहीं आ रहा. चलोगे?" मी चपला घातल्या आणि गेलो.

कोपऱ्यातल्या खाटेवर सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. उजव्या पायाला फडकं गुंडाळलेलं. मला पाहून म्हणाले, "मना पाय दुखस." मराठी कसली, अहिराणी होती! तुझ्या आजीमुळे ती माझ्या कानात बसलेली आहे. माणूस खानदेशातला होता. इथे हमाली करायला आला, पुढे हातून ओझं उचलेना, खोलीचं भाडं थकलं आणि बसस्टँडवर निजायला लागला.

उशाशी एक प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात दुसरी, दुसरीत तिसरी, आणि तिसरीत कागद. त्यांनी ते एकेक करून माझ्यापुढे ठेवले. दवाखान्याच्या चिठ्ठीवर ‘अज्ञात पुरुष, वय ६०’. पोलीस थान्याच्या कागदावर गावाचं नाव आडनाव म्हणून लिहिलेलं. एका अन्नछत्राच्या कूपनावर नुसता नंबर, ४१. बसेऱ्याच्या रजिस्टरात तर ‘मराठी बाबा’, बस्स. मीही सवयीने पेन काढलं आणि सुरू केलं, नाव काय, गाव कोणतं, घरी कोण? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "परत पहिल्यापासून सांगू का?"

सोनू, मी पेन खिशात ठेवलं. चाळीस वर्षं बँकेत लोकांचे फॉर्म भरले, पण फॉर्म भरून देणारा माणूस किती थकलेला असतो हे त्या दिवशी कळलं. दवाखान्यातल्यांनी जखम पाहिली होती, थान्यातल्यांनी तक्रार घेतली होती, अन्नछत्रवाल्यांनी जेवू घातलं होतं, बसेऱ्यावर खाट दिली होती. प्रत्येकाने आपापलं काम केलं होतं. पण चारही वह्यांतला माणूस एकच आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ड्रेसिंग एक दिवसाआड करायचं होतं. पायी हिंडून सेवा करणारी नर्सताई ते करायला सकाळी दहाला बसेऱ्यावर यायची आणि परत जायची, कारण तिथे आठलाच सगळ्यांना बाहेर काढत. ते पाय ओढत चौकात जाऊन बसत. ती इकडे शोधायची, ते तिकडे वाट पाहायचे. जखम चिघळली ती यामुळे, औषध मिळत नव्हतं म्हणून नाही.

आणि आठला बाहेर काढणं नियमाला धरूनही नाही. तो नियम कुठून आला ते तुला सांगायलाच हवं. डिसेंबर २००९ मध्ये दिल्लीत पुसा रोडच्या चौकातला एक रात्रनिवारा ऐन थंडीत पाडला. तेव्हा सर्वोच्च न्यायालयात अन्नाच्या हक्काची याचिका २००१ पासून चालूच होती. त्या खटल्यासाठी न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांनी त्या निवाऱ्याबद्दल पत्र लिहिलं आणि २०१० पासून त्याच खटल्यात निवाऱ्याचे आदेश निघाले. म्हणजे आपल्याकडे छपराचा हक्क भाकरीच्या हक्कातून आला. दर एक लाख वस्तीमागे एक निवारा, वर्षभर आणि चोवीस तास उघडा. पुढे २०१३ साली शहरी उपजीविका अभियानात तो नियम पक्का झाला, माणशी पन्नास चौरस फूट जागा हेही त्यात आलं. शिवाय निवाऱ्यात राहणाऱ्याला रेशन, पेन्शन, दवाखाना, ओळखपत्र यांच्याशी जोडून द्यायचं, हे त्या निवाऱ्याचंच काम म्हणून लिहिलेलं आहे. २०११ च्या जनगणनेत इंदूर वीस लाखांच्या जवळ होतं, तेव्हा हिशेब तूच कर.

कागदावर हे सगळं आहे. पण जोडून द्यायचं म्हणजे काय, ते आम्हाला या एका माणसामुळे शिकायला मिळालं. आधारला बोटांचे ठसे उमटेनात, आयुष्यभर पोती उचलून रेषाच झिजलेल्या. शेवटी डोळ्यांवरून ओळख पटली आणि जुना नंबर सापडला, पण पत्ता महाराष्ट्रातला. इथे मध्य प्रदेशात प्रत्येक योजनेला समग्र आयडी लागतो. आठ आकडी नंबर कुटुंबाचा, नऊ आकडी माणसाचा. आधी कुटुंब, मग माणूस. ज्याला कुटुंबच नाही त्याने काय करायचं? एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर आम्ही तीन महिने फिरलो. म्हातारपणाची पेन्शन महिना ६०० रुपये, आणि तिच्यासाठी रिक्षाला किती गेले ते तुझ्या आईला विचार.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली. मतदार यादीत नाव घालताना बेघर माणसाकडे पत्त्याचा कागद मागत नाहीत. त्याने सांगितलेल्या जागी बूथचा अधिकारी रात्री येतो आणि तो खरंच तिथे झोपतो का ते पाहून जातो, एकापेक्षा जास्त रात्री. सरकारी कामात मला एवढं एकच काम दिसलं, जे माणूस जिथे आहे तिथे स्वतः चालून जातं. दवाखाना, रेशन, पेन्शन यांनाही असंच रात्री चालत येता येईल, असं मला मनापासून वाटतं.

म्हणूनच तुझं ह्यूस्टनचं ऐकताना मी सारखा "थांब, थांब, परत सांग" म्हणत होतो. तू म्हणालीस की तिथे शंभराहून जास्त संस्था एकाच यादीवर काम करतात, तीन काउंट्या, म्हणजे आपल्याकडचे जिल्हे म्हण, मिळून. माणूस कुठल्याही दाराशी गेला तरी त्याची माहिती एकदाच घेतात, आणि घर कोणाला आधी द्यायचं हे त्याची गरज बघून ठरवतात, ओळख बघून नाही. आधी भाड्याच्या घराची किल्ली, मग नोकरी, व्यसन, आजार यांचं बघू. २०११ पासून तिथले बेघर साठ टक्क्यांहून जास्त कमी झाले, हे ऐकून मी आईला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावलं. पैशाचं जे सांगितलंस ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. १९९० च्या दशकापासून अमेरिकेचं केंद्र सरकार म्हणतं की एका भागातल्या सगळ्यांनी मिळून एकच अर्ज करा. पैसा एका दारातून आला की माणसं एका टेबलाशी बसतात. बँकवाल्याला हे लगेच पटतं.

आणि तुमची ती मोजणी! दर जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांतली एक रात्र. आपल्याकडे २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री जनगणनावाले फुटपाथवर गेले, तेव्हा देशात १७ लाख ७३ हजार माणसं बेघर निघाली. दहा वर्षांतून एकदा, आणि २०२१ ची तर राहूनच गेली. मधल्या पंधरा वर्षांत ही माणसं कुठे गेली, किती वाढली, कोण गेलं?

तुझ्या मनात येईल की इंदूरला हे जमायचं नाही. मी मानत नाही. २०१७ पासून आपलं शहर स्वच्छतेत देशात पहिलं येतंय ते काही नुसत्या झाडूने नाही. ८५ वॉर्ड, प्रत्येक गल्लीत ठरल्या वेळेला गाणं वाजवत येणारी गाडी, ओला वेगळा, सुका वेगळा, एखाद्या घरचा कचरा आला नाही तर विचारणारा माणूस. निगम म्हणजे आपली महापालिका, संस्था, मोहल्ल्यातल्या बायका, सगळे एका वहीवर. माणसांची तुलना कचऱ्याच्या हिशेबाशी करताना माझी जीभ अडखळते. पण कुठल्या गल्लीत काय राहून गेलं हे रोज शोधायची सवय ज्या शहराला लागली आहे, त्याला कुठल्या पुलाखाली कोण राहून गेलं हेही शोधता येईल.

त्याच स्वच्छतेच्या नावाने जानेवारी २०२१ मध्ये म्हातारी बेघर माणसं गाडीत भरून शिप्रा गावापाशी रस्त्यावर उतरवली होती. गावकऱ्यांनी अडवलं, व्हिडिओ काढला, तेव्हा परत आणली. ते व्हिडिओ पाहून मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. अंगावरची वाकळ सावरत उभी असलेली ती म्हातारी मला अजून दिसते. गेल्या वर्षीच्या १ जानेवारीपासून इथे भीक देण्यावरही बंदी आली. भिकाऱ्यांना काम आणि उपचार मिळावेत हा हेतू चांगला आहे, पण बाहेर झोपणारा तो भिकारी, असं जे लोक धरून चालतात ते मला सहन होत नाही. आमच्या बसेऱ्यावर लग्नात भांडी घासणारे आहेत, वरातीत डोक्यावर दिवे धरणारे आहेत, सियागंज बाजारातले हमाल आहेत, दवाखान्यात भरती असलेल्या बायकोसाठी खेड्यातून आलेले नवरे आहेत. सकाळी सहाला कामावर जातात. त्यांना हवी आहे ती परवडेल अशी खोली.

आता आमचं सांगतो. दिवाळीनंतर मी एक वही घेतली, लाल कापडी पुठ्ठ्याची, आपल्याकडे वहीपूजनाला आणतो तशी. मंगळवारी संध्याकाळी पाच जण बसतो. ती नर्सताई, अन्नछत्राचा एक मुलगा, चौकीदार, एक निवृत्त मास्तर आणि मी. प्रत्येक माणसाला एक पान. नाव तो सांगेल ते, झोपायची जागा, दुखणं, कागद कुठे अडलाय, आणि पुढचं पाऊल कोणाच्या नावावर. शेवटच्या रकान्यावरून भांडणंही होतात, कारण तिथे आपलंच नाव लिहावं लागतं. आज ३७ पानं झाली. कोणालाही त्याची गोष्ट दुसऱ्यांदा विचारायची नाही, आणि वही त्याच्या परवानगीशिवाय कोणाला दाखवायची नाही, असं ठरवलंय. आठला बाहेर काढण्याबद्दल आम्ही लेखी अर्ज दिला. आता आजारी माणसांना दिवसा थांबू देतात. सगळ्यांना अजून नाही.

खानदेशातले ते बाबा पहिल्या पानावर आहेत. जखम भरली. एका मंगल कार्यालयात भाजी निवडायचं काम लागलं, बसून करायचं. मालवा मिलकडे तिघांनी मिळून एक खोली घेतली, डिपॉझिट आम्ही काही जणांनी मिळून भरलं. मी बघायला गेलो तर त्यांनी आधी मला कुलूप दाखवलं. उघडलं, लावलं, परत उघडलं, आणि किल्ली करगोट्याला बांधून टाकली. पेन्शनचा अर्ज अजून अडकलेला आहे.

तुझ्याकडे एक काम आहे. मोजणीच्या वेळी तुमच्या मोबाइलवर जे प्रश्न होते, ते पाठव. कुठल्या क्रमाने विचारता, आणि माणूस झोपलेला असेल तर काय करता, तेही लिही. रविवारी फोनवर आपण दोघं बसून ते हिंदीत करू, कारण मार्चमध्ये, उन्हं वाढायच्या आत, आमच्या वॉर्डापुरती एक रात्र मोजणी करायचं आमचं ठरतंय. मास्तर म्हणतात सरवटे बसस्टँडपासून सुरू करू.

आई म्हणते, तिथे थंडीत रात्री फिरताना कान बांधत जा. तिने मेथीचे लाडू केलेत, जोशीकाकूंच्या मुलाबरोबर पाठवतो. तो २० तारखेला निघतोय.

तुझे,
बाबा