फलकावरची सहा बोटे

महोदय,

नाशिकमध्ये फलकांची संकल्पचित्रे मी संगणकावरच करतो, तेव्हा तंत्रज्ञानाला माझा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु यंदा एका मंडळाने कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घेतलेल्या गणेशोत्सवाच्या फलकावर ढोलवादकाच्या उजव्या हाताला सहा बोटे होती आणि टिपरू मनगटातूनच उगवल्यासारखे दिसत होते, तरी तो फलक छापून चौकात लागला. संगीताचेही तसेच आहे. १९८३ साली आलेल्या ‘मिडी’ या इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या सामाईक संकेतप्रणालीमुळे निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी जोडता आली, हा मोठाच लाभ; मात्र नाशिक ढोलाचा ठेका संगणकावर काटेकोर मात्रांत बसवला की पथकाच्या वादनातले ते किंचित मागेपुढे होणे, ज्यात सारी रंगत असते, पुसले जाते. (ठेका सैल ठेवण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते, पण ती शोधायची तसदी घ्यावी लागते.) मंडळांनी छपाईपूर्वी निदान बोटे मोजावीत, ही विनंती.

— एक ग्राफिक डिझायनर, नाशिक